म्याडमचं धान मी वैनगंगेत सोडलं

अकरा कुंड्या पान्यात सोडून झाल्या होत्या, बारावी हातात होती, अन् फोन वाजला.

मी वैनगंगेत गुडघाभर पान्यात उभी. चैत्रातली नवमी, ऊन डोक्यावर, आठ महिन्यांची पोट्टी पाठीवर ओढनीनं बांधलेली अन् ते माहे केस ओढून राह्यलेली. आजूबाजूले मोहल्ल्यातल्या बाया. कोनी देवीचं गानं म्हनून राह्यली, कोनी "सरक ना वं" करून ढकलून राह्यली. एका हातानं कुंडी छातीशी धरली अन् दुसऱ्या हातानं कमरेचा फोन काढला. म्याडमचा होता, दुपारच्या सुट्टीत घरी आल्या असतीन.

"अगं, कोठीतल्या कुंड्या कुठे आहेत?"

मी खुशीनं सांगतलं, "टेन्शन नोका घेऊ म्याडम, मी आनल्या. तुमाले ड्युटीतून टाइम कुठं भेटते? विसर्जन होऊन राह्यलं. एकच राह्यली आता."

मले वाटलं घाटावर रेंज नसते, म्हनून मी अजून जोरानं वरडली, "नारळ बी फोडला म्याडम तुमच्या नावानं! कुंकू, फूल, सारं बराबर केलं!"

"विसर्जन?" म्याडम म्हनल्या. एवढ्या हळू म्हनल्या का मले पहिले ऐकूच नाही आलं.

"हौ जी."

"ते माझ्या प्रयोगाचं धान होतं गं. उद्या अकरा वाजता कमिटी येणार आहे. ते धान बघायलाच येणार आहे."

समोर पाह्यलं त आमचे अकरा पिवळे गुच्छे मोहल्ल्याच्या शंभर पिवळ्या गुच्छ्यांत मिसळून पुलाकडे चालले होते. मी पोट्टीसकट, कुंडीसकट त्याइच्या मांगं पळाली. पान्यात पळता येते का? दोन गुच्छे हाती लागले, पाह्यलं त गहू. ज्या बाईचे होते ते किंचाळली, "माहे जवारे काहून वापस आनते वं? अपशकुन करते काय?" मी ते सोडले, अजून समोर गेली. तिथं एक म्हैस पान्यात बसून आरामात चावून राह्यली होती. तिच्या तोंडातून लोंबत होतं ते आमचं धान. मले समजलं, कारन म्याडमनं कुंडीत खोचलेल्या काडीवरची चिठ्ठी बी संगंच होती. चार नंबर.

आता तुम्ही म्हनसान, एवढी कशी येडी बाई. म्हनून मांगचं सांगाच लागते.

मी नववी शिकली. दहावीले बसाच्या आधी लग्न झालं, बालाघाटले आली. आमचे हे ऑटो चालवतेत. मी म्याडमच्या घरी काम करते, स्वयपाक अन् त्याइची तीन वर्षांची पोट्टी सांभाळनं. माही झाली तवापासून माही बी संगंच आनते. दोघी पोट्ट्या एका चटईवर लोळतेत अन् एकमेकीचं बिस्कीट खातेत. म्याडमचे साहेब मलाजखंडले खानीत इंजिनीअर, शनिवारी येतेत, सोमवारी जातेत.

म्याडम कॉलेजात झाडाझुडपांचं शिकवतेत. पन पक्क्या नाहीत. तिथं अशा लोकाइले अतिथी विद्वान म्हनतेत. मतलब पाहुनी. नऊ वर्षं झाले, म्याडम पाहुनीच हायेत. आमच्या घरी पाहुनी चवथ्या दिवशी राह्यली त माही सासू तिच्या चपला दरवाजाकडे तोंड करून ठेवते. अन् इथं नऊ वर्षं.

म्याडमचं मोठं शिक्षन बी अर्धंच राह्यलं होतं. लेकरू झालं, मग ते आजारी, मग सासरे आजारी, अन् मधातल्या मधात संशोधन थांबलं. मले हे ऐकून पहिले आश्चर्य वाटलं. मी समजत होती का शिक्षन फक्त आमच्यासारख्याइचं सुटते. एवढ्या शिकलेल्या बाईचं बी त्याच कारनानं सुटते हे मले माहीत नोतं. मनातल्या मनात थोडं बरं बी वाटलं, खोटं कायले सांगू.

त सरकारची एक योजना हाय. ज्या बायकाइचं संशोधन लग्नानं नाहीतर लेकरानं अटकलं, त्याइले वापस उभं करासाठी. कमिटी येते, काम पाहते, पसंत पडलं त तीन वर्षं पक्कं काम भेटते. म्याडमचं वय त्यात बसाचा हा शेवटचाच साल होता. हे त्याइनं मले भांडे घासताना सांगतलं होतं, अन् सांगता सांगता एकच कप तीनदा पुसला होता.

त्याइचं काम काय, त जुनं धान. लामत्याकडच्या अन् इकडच्या तिकडच्या बारा गावात बसनं फिरून, म्हाताऱ्या बायाइच्या कोठ्यातून त्याइनं मूठ मूठ धान मांगून आनलं होतं. कोन्या बाईनं पदराच्या चिंधीत बांधून देल्लं, कोन्या बाईनं आधी जेवू घातलं, मग देल्लं. ते धान खोल मातीत, अंधारात पेरलं त कोनतं किती वर येते, हे त्याइले पाहाचं होतं. जे अंधारात जास्त वर येते ते मजबूत, असं काहीतरी.

कॉलेजात जागा होती. पन त्या खोलीची चाबी म्याडमच्या विभागाच्या मुख्य सरांपाशी, अन् सर पाच वाजता कुलूप लावतेत. म्याडमनं विचारलं त म्हनले, "लेडीज का पाँच के बाद रुकना ठीक नहीं, आपके भले के लिए बोल रहा हूँ." पाचपर्यंत म्याडमचे तासच असते. प्लास्टिकच्या ट्रेसाठी अर्ज केला, तो सरांच्या टेबलावर काचेखाली गेला. तिथून तो दिसते, पन निंघत नाही. मग म्याडमनं घरातली तांदूळ ठेवाची खोली, मतलब कोठी, रिकामी केली अन् बाजारातून मातीच्या बारा कुंड्या आनल्या. नवरात्र जवळ होतं, बाजारात तशाच कुंड्या होत्या. जवाऱ्याच्या.

आमच्याकडे जवारे असे असतेत: नवरात्राच्या पहिल्या दिवशी मातीच्या कुंडीत गहू पेरते, अंधाऱ्या खोलीत ठेवते, नऊ दिवसांत ते पिवळे पिवळे लांब होते, मग डोक्यावर घेऊन वाजत गाजत नदीत सोडते. कोनी नवमीले सोडते, कोनी दशमीले. नवसाचं मानलेलं असंन त नंबरानं, पाच नाहीतर सात नाहीतर बारा. त्या खोलीत एकच बाई जाते. हात पाय धुवून जाते. चप्पल नाही, उजेड नाही.

आता म्याडमनं मले काय सांगतलं ते ऐका. पेरलं नेमकं पाडव्याच्या दिवशी. मंग म्हनल्या, "कोठीत तुझ्याशिवाय कोणी जायचं नाही. हात धुवून जायचं. चप्पल बाहेर काढायची, बाहेरची माती आत येता कामा नये. उजेड अजिबात नको." बल्ब बी काढून टाकला. मले एक टॉर्च देल्ली, तिले हिरवा कागद लावलेला. म्हनल्या, "पाणी रोज सकाळी एवढंच, मापानं." अन् वरतून उसासा टाकून म्हनल्या, "माझं सगळं आता या बारा कुंड्यांवर आहे बाई. या पास झाल्या तर मी पास."

मी काय समजू? म्याडमनं नोकरीसाठी बारा जवारे मानले असं मी समजली. प्रयोग हाय हे मले माहीत होतं, पन शिकलेली बाई देवीचं बी मोजूनमापून करते, असं मले वाटलं. अन् धान काहून, गहू काहून नाही, त बालाघाटात धानाची काय कमी.

पहिले पाच दिवस म्याडम सोता पट्टी घेऊन मोजायच्या अन् नोंदीच्या कॉपीत लिहायच्या. सहाव्या दिवसापासून मुख्य सरांनं त्याइले परीक्षेची ड्युटी लावली, सकाळपासून सांच्यापर्यंत. ड्युटी बारा जनाइले लावता आली असती, पन सर म्हनले, "आप तो लोकल हैं." मग म्याडमनं पट्टी माह्या हातात देल्ली. "सगळ्यात उंच पान किती, ते या कॉपीत लिही. नवव्या दिवसाचं नीट मोज हं, तेच खरं. नऊ दिवसांत दाण्यातलं अन्न संपतं, मग वाढ थांबते."

मी हौ म्हनलं. नववीपर्यंत मले कोनी विचारलं का समजलं, त मी हौच म्हनत आली.

पट्टीवर बारक्या बारक्या रेघा. मोठ्या रेघा समजतेत, त्या मधातल्या मी कधी मोजू शकली नाही. हिरव्या उजेडात त अजूनच नाही. वरून पेन्सिल माह्या पोट्टीनं चघळून तिचं टोक खाल्लं. पन मापाचं काम त कराचंच होतं. माहा बाप माही उंची दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघ मारून ठेवायचा. नववीपर्यंत रेघा हायेत त्या दारावर, मग लग्न झालं, मग कोन मोजते. ते मले आठवलं. पोट्टीले लावाची काजळाची डबी कमरेलेच असते. एका पाटावर कुंडी ठेवली, भिंतीले टेकवली, सगळ्यात उंच पान सरळ केलं अन् त्याच्या टोकाशी चुन्याच्या भिंतीवर काजळाची रेघ. बारा कुंड्याच्या बारा जागा. रोजची एक रेघ, पहिलीच्या वर दुसरी. विचार केला, म्याडमले टाइम भेटला का सोता भिंत मोजतीन अन् कॉपीत उतरवतीन. पन नवीन चुना लावलेली भिंत खराब केली म्हनून बोलतीन, या भीतीनं सांगतलंच नाही. कॉपी कोरी राह्यली. म्याडम विचारायच्या, "मोजलंस ना?" मी म्हनायची, "हौ जी."

नवमीच्या सकाळी मी मोजून राह्यली होती. सात कुंड्या झाल्या. अन् बाहेर ढोल वाजला. मोहल्ल्याचे जवारे निंघाले. माही सासू खिडकीतून वरडली, "काय वं, म्याडमचे जवारे घरातच सडवते काय? नवमी टळली त बाईची नोकरी जाईन!" पोट्टी रडून राह्यली, म्याडमची पोट्टी "मले बी ढोल, मले बी ढोल" करून राह्यली. राह्यलेल्या पाच कुंड्याइच्या रेघा मी अंदाजानं ओढल्या. कालच्याहून बोटभर वर. बस. मग साऱ्या कुंड्या आमच्या ह्यांच्या ऑटोत घातल्या, म्याडमची पोट्टी सासूच्या कडेवर देल्ली, अन् नदीवर गेलती.

तिथून समोरचं तुमाले माहीत हाय.

बारावी कुंडी मी वापस आनली. म्याडमच्या दारात ठेवली, बेल वाजवली अन् पळून गेली. हौ, पळून गेली. फोन बंद केला. त्या दिवशी मी जेवली नाही. आमचे हे म्हनले, "काम गेलं समज." सासू म्हनली, "काम जाईन त जाईन, त्या बाईचं काय होईन ते सांग." मंग मी अजून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाऊन सासूनंच मले हात धरून नेलं. म्याडमनं दार उघडलं. डोळे सुजलेले. मले वाटलं आता मारतीन. त्या म्हनल्या, "आलीस? पोह्यांचं बघ. मी त्यांना खरं ते सांगणार आहे." अन् तयार व्हाले आत गेल्या.

मी पोहे भिजवून राह्यली, त माही सासू गायब. अर्ध्या घंट्यात वापस आली, मांगं ऑटो. ऑटोत अकरा कुंड्या.

"आई, हे काय जी?"

"दशमीवाल्याइचे जवारे. दुपारपर्यंत मांगून आनले. साहेब लोक येतीन, पाहतीन, जातीन, मग नदीत. पिवळं ते पिवळं, कोनाले समजते?"

"आई, हे गहू हाय!"

"तुले कोनी विचारलं काय?"

मी नाही म्हनाले पाह्यजे होतं. पन भीती भल्ली वाईट चीज हाय, ते पायातून वर येते अन् तोंडात बसते. आम्ही दोघीनं त्या अकरा कुंड्या वरांड्यात ओळीनं लावल्या. शेवटी आमची खरी, बारा नंबरची. ते बुटकी होती, म्हनून सासूनं तिच्याखाली वीट ठेवली.

अन् फाटकापाशी गाडी थांबली.

दोघं जन उतरले. एक मुख्य सर. दुसऱ्या एक मोठ्या बाई, भोपालहून कमिटीकडून आलेल्या, पांढरे केस, सुती साडी, पायात पुरुषाइच्या असतेत तशा चपला. म्याडम आतून साडीचा पदर नीट करत आल्या अन् वरांड्यात पाय ठेवल्या ठेवल्या थांबल्या. कुंड्याकडे पाह्यलं. माह्याकडे पाह्यलं. मी सासूकडे पाह्यलं. सासूनं छपराकडे पाह्यलं.

"सर, एक मिनट, मुझे कुछ बताना है," म्याडम म्हनल्या.

"आप रुकिए, मैं समझाता हूँ," सर म्हनले.

"सर, ये जो—"

"अरे मैडम, आप घबरा जाती हैं. मैं हूँ ना." अन् सर मोठ्या बाईकडे वळले. हात मांगं बांधले. "देखिए, ये हमारे ज़िले का पुराना धान है. बारह किस्में. इसमें और इसमें फर्क देखिए. ये पत्ती देखिए, असली धान की पत्ती. मेरे मार्गदर्शन में हुआ है." फर्क दाखवला त्या दोन्ही गव्हाच्या कुंड्या एकाच घरच्या होत्या.

मोठ्या बाई खाली वाकल्या. एक पान तोडलं, दोन बोटांत चोळलं, मुळापाशी पाह्यलं, अन् मग अजून एक तोडलं. माह्या सासूनं हळूच म्हनलं, "बापा, हे त खाऊन पाहते काय."

"सर, आपका विषय क्या है?" मोठ्या बाईनं विचारलं.

"जी? वनस्पतिशास्त्र. तीस साल से."

"ये गेहूँ है."

मी तवा आत पोह्याले फोडनी देता देता दारातून पाहून राह्यली होती. सर लाल झाले अन् म्याडमकडे वळले, "ये क्या है? कमिटी को धोखा?" अन् म्याडम उभ्या. त्याइच्या नऊ वर्षांवर, बारा गावावर, साऱ्यावर पानी फिरून राह्यलं होतं, अन् ते पानी मी सोडलं होतं.

मी कशी बाहेर आली मले माहीत नाही. एका कडेवर माही पोट्टी, एका कडेवर म्याडमची, हातात झारा. मी म्हनलं, "मी सोडलं नदीत! म्याडमले काहीच माहीत नाही जी. मले वाटलं नोकरीसाठी मानलेले जवारे हायेत. चार नंबर म्हशीनं खाल्ला. हा गहू माह्या सासूनं आनला. मले भीती वाटली. बारावी खरी हाय, विटेवर हाय ते. म्याडम सकाऊनपासून खरं सांगून राह्यल्या, सर बोलू देतीन तवा ना!"

सारं एका दमात. मग दम लागला.

मोठ्या बाईनं हातातलं पान खाली ठेवलं. मग मराठीतच म्हनल्या, "मी नागपूरची आहे. सावकाश सांग."

"सावकाश येत नाही जी मले."

सर म्हनले, "देखिए, घर में काम होगा तो यही होगा. मैडम की बच्ची छोटी है, ध्यान बँटता है. मैं तो शुरू से पूछ रहा था, प्रोजेक्ट मिल भी गया तो बच्ची को कौन संभालेगा?"

आता हे मले खरंच समजलं नाही. मले माहीत होतं का सराइले चार लेकरं हायेत. मी साध्या मनानं विचारलं, देवाशपथ, टोमना माराचा नोता. मी म्हनलं, "सर, तुमचे चार कोनं सांभाळले?"

"मेरी मिसेज़ थी ना!"

"हौ ना. मग म्याडमची मिसेस मी आहो."

मोठ्या बाईले ठसका लागला. पानी देल्लं. पानी पिऊन बी त्या पदराआड हसतच राह्यल्या. सर फोन पाहू लागले, वाजला नोता तरी.

मग मोठ्या बाईनं म्याडमले विचारलं, "पहिल्या पाच दिवसांची नोंद आहे. पुढच्या चार दिवसांची?" म्याडमनं कॉपी उघडली. कोरी. म्याडमनं माह्याकडे असं पाह्यलं का मले नदीत उभं असल्यासारखं वाटलं. मी म्हनलं, "कॉपीत नाही जी. भिंतीवर हाय."

"कुठल्या भिंतीवर?"

कोठीत बल्ब नोता. मी हिरवी टॉर्च लावली. मग मोठ्या बाईनं आपल्या फोनचा पांढरा उजेड टाकला, अन् म्याडमनं तोंडावर हात ठेवला. बारा जागी बारा पायऱ्या, काळ्या काळ्या. मी सांगतलं, कशी कुंडी पाटावर ठेवायची, कसं पान सरळ करायची, काहून काजळ. मोठ्या बाई चपला काढून खाली मांडी घालून बसल्या. पर्समधून सोताची पट्टी काढली अन् भिंत मोजाले लागल्या. म्याडम लिहू लागल्या. दोघी घंटाभर बसल्या, पदराले चुना. सर वरांड्यात पोहे खात बसले अन् माह्या सासूनं त्याइले दोनदा वाढले. ते म्हनली, "बिचारा एकटा पडला."

सारं लिहून झालं तवा मोठ्या बाई म्हनल्या, "बारावी कुंडी आण." मी विटेवरची आनली. त्याइनं ते त्याच पाटावर, त्याच जागी ठेवली, उंच पान सरळ केलं. टोक नेमकं नवव्या दिवसाच्या रेघेवर. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"वा," त्या म्हनल्या. "म्हणजे भिंत खरी आहे. एका कुंडीवरून बाकी अकरांचा भरवसा ठेवता येईल." पेनाचं टोपन काढलं. कागद मांडीवर घेतला. म्याडमच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं असंन, मी त दोनच वर्षं पाहून राह्यली, पन तसं मी कधी पाह्यलं नोतं.

अन् मोठ्या बाईनं सहज, कागदाकडे पाहत पाहतच विचारलं, "सगळ्या रेघा मोजूनच ओढल्यास ना तू?"

एक हौ. तेवढंच पाह्यजे होतं. जलमभर मी हौ म्हनत आली होती, समजलं तरी हौ, नाही समजलं तरी हौ. अन् बारावीची ती शेवटची रेघ, जिच्यावर त्याइनं साऱ्या भिंतीचा भरवसा ठेवला, ते अंदाजाची होती. जुळली ते नशिबानं. आठ नंबरपासून बारापर्यंत पाचही अंदाजाच्या. हे जगात फक्त मले माहीत होतं.

म्याडम मोठ्या बाईच्या मांगं उभ्या होत्या. त्याइनं माह्याकडे पाह्यलं. डोळ्यानं हौ नाही म्हनल्या, नाही बी नाही म्हनल्या. पोट्टीनं माहे केस धरले होते.

मी म्हनलं, "शेवटच्या दिवसाच्या पाच अंदाजानं हायेत जी. आठ ते बारा. ढोल वाजला होता."

मोठ्या बाईचा पेन थांबला. त्याइनं टोपन वापस लावलं. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला अन् म्हनल्या, "बरं झालं सांगितलंस." अन् गेल्या. जाताना पदरावरचा चुना झटकला, तो अजून पायरीवर हाय.

महिन्यानं कागद आला. पसंत बी नाही, नापसंत बी नाही. लिहिलं होतं, पाच आकडे कमी पडतेत, बारा धान अश्विनात वापस पेरा, मंग पाहू. वयाची अट तोवर थांबवतो. अन् खाली अजून एक ओळ होती का कॉलेजातल्या खोलीची चाबी म्याडमले द्यावी, रात्रीच्या आठ वाजेपर्यंत. सरांनं देल्ली. चाळीस चाब्यांचा जुडगा देल्ला, कोनती ते सांगतलं नाही. म्याडमनं अन् मी एका दुपारी साऱ्या लावून पाह्यल्या. एकोनचाळिसावी लागली.

त म्याडम अजून पाहुनीच हायेत. मी हौ म्हनली असती त आज त्या पक्क्या राह्यल्या असत्या. माही सासू रोज हे ऐकवते, भाकर थापता थापता. "एक हौ वं! एका हौनं तुही जीभ झिजली असती काय? नाहीतर सारा दिवस हौ हौ करते!" आमचे हे बी म्हनतेत, रेघ जुळली होती ना, मग काय खोटं झालं असतं? म्याडमले मी एकदा विचारलं. त्या तांदूळ धुवून राह्यल्या होत्या, पाठ माह्याकडे. म्हनल्या, "तू बरोबर केलंस." पन पाठ होती ना, चेहरा दिसला नाही मले.

अश्विन जवळ आला. प्लास्टिकचे ट्रे बी आले आता, मातीची कुंडी नाही. म्याडमनं मले बारक्या रेघा मोजाले शिकवल्या, दोन मोठ्या रेघाइच्या मधात नऊ असतेत. तरी सराव करताना मी भीतीनं भिंतीवर काजळ ओढतेच. अन् रोज पट्टी हातात घेतली का तेच डोक्यात येते. त्या दिवशी कडेवर लेकरू, समोर उघडा पेन, मांगं म्याडमचा चेहरा, अन् रेघ नेमकी जुळलेली. तुम्ही माह्या जागी असते, त काय म्हनलं असतं?